ईस्टरच्या बॅनरवर पैठणीचा मोर चालेल का?

नगरची_मावशी
जय ख्रिस्त सगळ्यांना. यंदा आमच्या स्त्रीसंघाने ईस्टरचा बॅनर फ्लेक्सवर न छापता हाताने शिवायचं ठरवलंय, पांढऱ्या सॅटिनवर कापडाचे तुकडे जोडून. रिकामा क्रूस आणि देवाचा कोकरा, म्हणजे ख्रिस्ताची खूण, नक्की झालाय. एकीने तिच्या आईची जुनी पैठणी दिलीये, अंगात पार विरलीये पण पदरावरचे मोर अजून लखलखीत, ते लावावेत असं मला फार वाटतंय. काही जणी म्हणतात मोर सरस्वतीचा, चर्चमध्ये नको. काय करावं?

जुना_करार
मावशी, बिनधास्त लावा! रोमच्या कॅटॅकोम्बमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमीत, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी भिंतींवर मोर रंगवलेत. मोराचं मांस सडत नाही असा तेव्हा समज होता, संत ऑगस्टिनने तर कार्थेजला शिजवलेल्या मोराचा तुकडा वर्षभर ठेवून बघितल्याचं स्वतः लिहिलंय, नुसता सुकला आणि आक्रसला म्हणे. शिवाय झडलेली पिसं दरवर्षी नवी येतात, म्हणून तो पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेल्यातून उठण्याची, खूण झाला. दोन मोर समोरासमोर आणि मधे प्याला, ही तर जुनीच मांडणी आहे, पदरातून दोन मोर निघत असतील तर तसंच करा. आणि आपल्याच मातीतल्या कापडातून निघालेला मोर वेदीजवळ लागला तर मला तरी मनापासून आनंद होईल.

वसईकर७
मोराला माझाही होकार. पण कोकरा बसलेला काढू नका, उभा काढा. बायबलमधल्या प्रकटीकरण ५:६ मध्ये तो वधलेला आहे तरी उभा आहे, सगळा ईस्टर त्या उभं राहण्यात आहे. पायाशी तांबड्या क्रूसाचा पांढरा झेंडा द्या, तो विजयाचा. काट्यांचा मुकुट, खिळे वगैरे गुड फ्रायडेला ठेवा. जागा उरली तर कबरेत वेगळा गुंडाळून ठेवलेला रुमाल घ्या, योहान २०:७, तो कोणीच काढत नाही, आणि कापडावर कापडच लावायचं म्हणजे किती छान दिसेल. चर्चमध्ये पांढरा-सोनेरी रंग पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापर्यंत, चालतो, त्यामुळे बॅनर लगेच उतरवायची घाई नको.

सुई_दोरा
शिवणाऱ्या बायकांसाठी, विरलेली पैठणी आधी कापू नका! मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा, इस्त्री मंद, वर सुती कापड ठेवून, नाहीतर जरीची तार काळी पडते. मग मोर कापा. फेव्हिकॉल अजिबात नको, सॅटिनवर डाग उठतो. वर दांडीसाठी नेफा ठेवा आणि खालीही एक बारीक दांडी घाला, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने गुंडाळी होते.