मदत हवी आहे: लिंक्ड लिस्टला एन्युमरेबल जोडलं, पण बेरीज कधी बरोबर येते, कधी चूक (रुबी)

नमस्कार मंडळी,

बाबांचं किराणा दुकान आहे. त्यांची उधारीची वही संगणकावर आणायची म्हणून रात्री बसून रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय. गिऱ्हाइकाच्या खात्यातल्या नोंदींसाठी लिंक्ड लिस्ट (साखळीसारखी एकीला पुढची जोडलेली नोंदींची यादी) स्वतः लिहिली. ॲरेने (रुबीतल्या तयार यादीने) भागलं असतं, पण आत काय चालतं ते मला समजून घ्यायचं होतं.

आधी बेरीज, शोध, गाळणी अशी एकेक मेथड (एक काम करणारा कोडचा तुकडा) हाताने लिहिली, प्रत्येकीत नोंदींवरून फिरणारा तोच व्हाइल लूप. मग कळलं की क्लासमध्ये (लिस्टच्या साच्यात) फक्त ईच, म्हणजे एकेक नोंद क्रमाने देणारी मेथड, लिहायची आणि एन्युमरेबल हा रुबीतल्या तयार मेथडचा संच (मॉड्यूल) इन्क्लूड करायचा, म्हणजे क्लासला जोडायचा. मॅप (प्रत्येक नोंदीतून नवं काही बनवणं), सिलेक्ट (गाळणी), फाइंड (शोध), सम (बेरीज), ईच_स्लाइस (ठरावीक संख्येचे गट) सगळं आपोआप मिळतं, कारण या मेथड आतून ईचलाच हाक मारतात. माझं निम्मं कोड पुसलं गेलं. फार आनंद झाला.

आता अडचण. एका खात्यात पाच नोंदी आहेत: १२०, ८०, २५०, ६०, ९०. सम ६०० देतो. मग फाइंडने २०० च्या वरची पहिली नोंद शोधली, २५० मिळाली. लगेच परत सम केलं तर ४००! आणखी एकदा केलं की पुन्हा ६००. दोनशे रुपये असे गायब होत असतील तर बाबांच्या हाती हे कसं देऊ?

माझं ईच असं आहे: 'चालू' हे इन्स्टन्स व्हेरिएबल (लिस्टसोबतच टिकून राहणारं) सुरुवातीला हेडवर, म्हणजे पहिल्या नोडवर (साखळीच्या कडीवर) असतं. ते निल (रिकामं) होईपर्यंत नोंद यील्ड करायची, म्हणजे हाक मारणाऱ्याच्या हाती द्यायची, मग 'चालू' पुढच्या नोडवर सरकवायचं. लूप संपला की 'चालू' परत हेडवर.

दुसरं, प्रत्येक नोंदीनंतरची शिल्लक दाखवणारी मेथड मला गिऱ्हाइकाच्या खात्याला हवी आहे आणि व्यापाऱ्याच्या खात्यालाही. दोन्हीकडे तेच कोड चिकटवायला नको वाटतं.

प्रतिसाद

चूक फाइंडमध्ये नाही, 'चालू'त आहे. फाइंडला हवी ती नोंद मिळाली की तो लूप अर्ध्यात तोडून बाहेर पडतो. तुमची हेडवर परत नेणारी ओळ चालतच नाही, 'चालू' २५० वरच थांबतं. पुढचा सम तिथूनच मोजतो: २५०, ६०, ९०. म्हणून ४००. तो लूप पुरा झाला की 'चालू' हेडवर जातं आणि पुढची बेरीज बरोबर येते. फर्स्टनेही (पहिली नोंद देणाऱ्या मेथडनेही) हेच होईल.

'चालू' ईचच्या आतलं लोकल व्हेरिएबल (त्या एका हाकेपुरतंच असणारं) करा, म्हणजे प्रत्येक फेरीचं बोट वेगळं. ते हेडवर नेणारी ओळ एन्शुअरमध्ये (लूप मध्येच तुटला तरी चालणाऱ्या भागात) टाकायचा मोह होईल, पण त्याने अर्धंच काम होतं. ईचच्या आत त्याच लिस्टवर पुन्हा ईच चालवून बघा: तुमच्या कोडमध्ये बाहेरचा लूप दुसऱ्या नोंदीवरच अडकून राहील, कधी संपणार नाही.

ईचला ब्लॉक (प्रत्येक नोंदीवर चालवायचा कोड) दिला नसेल तर टू_एनम (नोंदी नंतर एकेक करून देणारी वस्तू) परत करा, नाहीतर यील्डशी आल्यावर एरर येईल.

शिल्लकेसाठी तुमचं स्वतःचं मॉड्यूल लिहा. त्यातल्या मेथडने फक्त ईचलाच हाक मारावी; हेड, नोड यांची नावंही तिथे नकोत. मग ज्या क्लासला ईच आहे त्या कुठल्याही क्लासमध्ये ते इन्क्लूड करता येतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! लोकल केलं, आता दहा वेळा फाइंड करूनही ६०० च येतात. मॉड्यूलही दोन्ही खात्यांत चाललं.

पण सिलेक्टने गाळलेल्या नोंदींवर शिल्लक मागितली तर 'अशी मेथडच नाही' म्हणतो. असं का?

प्रतिसाद

एन्युमरेबलचा सिलेक्ट साधा ॲरे परत करतो, तुमचं खातं नाही. ॲरेला शिल्लक कुठून माहीत असणार? तुमच्या क्लासमध्ये सिलेक्ट नव्याने लिहा: सुपरकडून (एन्युमरेबलच्या मूळ सिलेक्टकडून) आलेला ॲरे घ्या, त्यातली एकेक नोंद नव्या खात्यात भरा आणि ते खातं परत करा. रिजेक्टलाही (उलट गाळणीलाही) तसंच. मॅप मात्र तसाच राहू द्या, कारण त्यातून नोंदी नाही, नुसत्या रकमा किंवा तारखाही येऊ शकतात.