चार ग्राफिक्स कार्डांवर घरी मायनिंग: जोडणी, वीजबिल, पेआउट (सल्ला हवा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. घरी क्रिप्टो नाण्यांचे मायनिंग करायचे आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना सतत गणिते करायला लावून बक्षीस म्हणून नाणी मिळवायची. आरटीएक्स ३०६० टीआय, ८ जीबीची चार कार्डे हाताशी आहेत. नाशिक, महावितरणची घरगुती जोडणी, सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट, घरचा वापर महिन्याला साधारण १५० युनिट. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले, त्यामुळे रेव्हनकॉइन (रेव्हन) या नाण्याचा विचार आहे. जोडणीला काय सामान लागेल, पूल (अनेकांची ताकद एकत्र करून मिळकत वाटून देणारा सर्व्हर) कोणत्या प्रकारचा घ्यावा, पेआउट (मिळालेली नाणी) थेट एक्स्चेंजवर (नाणी विकायच्या साइटवर) घ्यावा की स्वतःच्या वॉलेटमध्ये, आणि करात हे कसे दाखवतात? अनुभवी लोकांनी आकड्यांसह सांगावे ही विनंती.

हॅशगणित

सामानाच्या आधी हिशोब करा. रेव्हनचा अल्गोरिदम कॉ-पॉ. त्यावर ३०६० टीआय नीट ट्यून केले तर १३० वॅटमध्ये साधारण २७ मेगाहॅश देते, म्हणजे सेकंदाला २.७ कोटी प्रयत्न; यालाच हॅशरेट म्हणतात. चार कार्डांचे १०८.

रोजची नाणी काढायचे सूत्र साधे आहे: तुमचा हॅशरेट भागिले नेटवर्कचा हॅशरेट, गुणिले दिवसाचे ब्लॉक, गुणिले ब्लॉकचे बक्षीस. ब्लॉक म्हणजे नाण्याच्या नोंदवहीचे एक पान, ते जोडणाऱ्याला बक्षीस मिळते. रेव्हनचा ब्लॉक मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला १,४४०. बक्षीस ५,००० पासून सुरू झाले आणि दर २१ लाख ब्लॉकनंतर निम्मे होते, म्हणजे ४२ लाखाव्या ब्लॉकनंतर १,२५०. नेटवर्कचा हॅशरेट रोज हलतो, ब्लॉक एक्स्प्लोररवर (नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या साइटवर) बघून घाला. समजा ४ टेराहॅश, म्हणजे ४०,००,००० मेगाहॅश आहे: १०८ भागिले ४०,००,००० गुणिले १,४४० गुणिले १,२५० = ४८.६ रेव्हन. पूलचे एक टक्का शुल्क आणि मायनर सॉफ्टवेअरचे एक टक्का वजा केले की सुमारे ४७.६.

आता वीज. कार्डांचे ५२० वॅट, मदरबोर्ड-प्रोसेसर-पंखे ४०, एकूण ५६०. एसएमपीएसची (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) कार्यक्षमता ९० टक्के धरली तर भिंतीवर ६२० वॅट. दिवसाला १५ युनिट, महिन्याला ४५०. बरेच जण इथेच फसतात: सॉफ्टवेअर फक्त कार्डांचे वॅट दाखवते, मीटर भिंतीवरचे मोजतो.

मीटररीडर

+१. त्यात भर घालतो, कारण महाराष्ट्रात खरा प्रश्न स्लॅबचा आहे. घरगुती दर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे चढत जातात. घरच्यांनी पहिले दीडशे युनिट आधीच वापरलेत, त्यामुळे स्वस्त युनिट रिगच्या (मायनिंगच्या या मशीनच्या) वाट्याला येतच नाहीत. तुमच्या ४५० पैकी १५० दुसऱ्या स्लॅबात, २०० तिसऱ्यात आणि शेवटचे १०० सगळ्यात वरच्या.

नेमके दर स्वतःच्या बिलाच्या मागून घ्या, वहन आकार मिळवायला विसरू नका. गणितापुरते ११, १५ आणि १७ रुपये धरू. १,६५० + ३,००० + १,७०० = ६,३५०. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे ७,३६६. रिगचे युनिट सोळा रुपये चाळीस पैशांच्या आसपास पडले. घराच्या बिलाला युनिटांनी भागून सरासरी काढली तर आकडा बराच कमी दिसतो, आणि त्याच आकड्यावर लोक रिग उभी करतात. वरचे युनिट ज्या भावाने पडतात तोच भाव रिगला लावायचा.

दिवसाला २४५ रुपये खर्च, ४७.६ नाणी. म्हणजे एका रेव्हनला ५ रुपये १५ पैसे मिळाले तर फक्त वीज निघते. आजचा भाव बघा आणि ठरवा.

दुसरी गोष्ट मंजूर भाराची. दीड टनी एसी आणि २ किलोवॅटचा गीझर एकदम चालू असतील तर तुमचे ३ किलोवॅट तिथेच संपतात, वर रिगचे ०.६२. भार आधी वाढवून घ्या. आणि घरगुती मीटरवर धंदा चालवला असे ठरले तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू वर्गाच्या दुप्पट दराने आकारणी होते. चारची चाळीस कार्डे करायची असतील तर रीतसर वेगळी जोडणी घ्या.

गोदाकाठ

आभारी आहे, डोळे उघडले. छतावर ३ किलोवॅट सोलर टाकायचे घरात चाललेच आहे, पीएम सूर्यघरमधून ७८,००० अनुदान मिळते. मग वीज फुकट धरता येईल ना?

मीटररीडर

नाही. एक किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट धरले तर ३ किलोवॅटचे महिन्याला ३६० होतात. त्यातले १५० घर खाते. उरलेले २१० नेट मीटरिंगमध्ये पुढच्या बिलांत जमा होतात, म्हणजे पुढे कधी एसी घेतलात तर ते महागड्या युनिटाच्या जागी वापरता येतात. त्यांना शून्य किंमत धरू नका. वर्षअखेरीस जे शिल्लक राहतात ते महावितरण बरेच कमी दराने घेते. फक्त त्या शिलकीपुरता रिगचा हिशोब त्या कमी दराने मांडता येतो. २१० युनिटांत तुमच्या चार कार्डांपैकी फार तर दोन चालतील, तीही पूर्ण चोवीस तास नाही.

रायझर

हिशोब करूनही लावायचीच असेल, शिकण्यासाठी किंवा नाणी साठवण्यासाठी, तर जोडणी तरी सुरक्षित करा. सामान: सहा पीसीआय-ई स्लॉटचा कुठलाही जुना चालू मदरबोर्ड, सेलेरॉन किंवा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, चार रायझर (कार्ड मदरबोर्डपासून लांब बसवायचे जोड), ८५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस. एसएमपीएस घेताना वॅटच्या आधी पीसीआय-ईच्या केबली मोजा. एका कार्डाला एक स्वतंत्र केबल (१३० वॅटला दोन तोंडांची एक केबल पुरते) आणि दोन रायझरमागे एक, म्हणजे सहा केबली लागतात. बऱ्याच ८५० वॅटवाल्यांत चारच निघतात. दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर केबल बसते म्हणून खुपसू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना वेगळी असते, कार्ड जागेवर जळते.

रायझरला साटाची (हार्डडिस्कला जाणाऱ्या तारेची) वीज कधीही देऊ नका, पाकिटात ती तार आली असली तरी. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता बनवलेला आहे आणि कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकते. आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग पिना चिकटतात, मग धूर. सहा पिनवालाच रायझर घ्या, आणि कार्ड व त्याचा रायझर एकाच एसएमपीएसवर ठेवा.

बायोसमध्ये तीन गोष्टी: ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू, पीसीआय-ईचा वेग जेन १ किंवा २, आणि वीज गेल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग. पहिली विसरलात तर तिसरे-चौथे कार्ड दिसतच नाही आणि माणूस रायझर बदलत बसतो. विंडोजवर व्हर्च्युअल मेमरी सगळ्या कार्डांच्या मेमरीहून जास्त ठेवा. चार गुणिले आठ, म्हणून ४० जीबी द्या.

भिंतीकडे: ६२० वॅट म्हणजे २.७ अँपिअर, आकडा छोटा आहे. पण तो चोवीस तास वाहतो, म्हणून सैल सॉकेट तापते. १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिमी तार, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको. पहिल्या दिवशी तासाभराने प्लग काढून पिनांना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला. अर्थिंग तपासून घ्या: न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर वायरमनला बोलवा. वीज परत येतानाचा झटका टाळायला डिले रिले (वीज आल्यावर थोडे थांबून जोडणी चालू करणारा) लावा.

हॅशगणित

ट्यूनिंग मी सांगतो. सुरुवात पॉवर लिमिट १३० वॅट, कोअर +१००, मेमरी +८०० (विंडोजवर, आफ्टरबर्नर या कार्ड ट्यून करायच्या सॉफ्टवेअरमध्ये). हाइव्ह-ओएससारख्या मायनिंगसाठीच्या लिनक्सवर मेमरीचा तोच परिणाम मिळायला आकडा दुप्पट टाकावा लागतो. तिथला आकडा उचलून विंडोजवर टाकला की कार्ड लटकते. कॉ-पॉ कोअरवर जोर देतो, त्यामुळे इथेरियमच्या काळात मेमरी ताणायची सवय इथे कामाची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, सहा तास चालू द्या, मग पुढची.

शेअर म्हणजे कार्डाने पूलला पाठवलेला कामाचा पुरावा. पूलवर ‘इनव्हॅलिड’ (चुकीचे) शेअर दिसले तर मेमरी किंवा कोअर जास्त ताणलाय, ५० ने उतरवा. ‘स्टेल’ (उशिरा पोचलेले) दिसले तर दोष कार्डाचा नाही: नेट हळू आहे किंवा पूलचा सर्व्हर लांबचा निवडलाय. आशियातला सर्व्हर घ्या, वायफायऐवजी केबल लावा. पूलवरचा हॅशरेट तासातासाला वरखाली होतोच, कारण तो शेअरवरून काढलेला अंदाज असतो. चोवीस तासांची सरासरी बघा.

उष्णतेला एसी लावू नका. ६२० वॅट उष्णता बाहेर काढायला एसीला आणखी दोनशेच्या आसपास वॅट लागतात, तेही सगळ्यात महाग स्लॅबात. बारा इंची एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूने हवा यायला वाट, एवढे पुरते. कोकण-गोव्यात असाल तर खारी दमट हवा रायझरचे संपर्क गंजवते; तिथे पावसाळ्यात बंद ठेवलेली रिग चालू ठेवलेलीपेक्षा लवकर खराब होते.

जमाखर्च

पेआउटबद्दल. सोलो (पूलशिवाय एकट्याने) नको. वरच्याच आकड्यांवर तुम्हाला सरासरी २६ दिवसांनी एक ब्लॉक मिळेल, पण दोन महिने हात रिकामे राहण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास आहे. पीपीएलएनएस पूल घ्या. त्यात पहिल्या काही तासांत कमी दिसते आणि बंद केल्यावरही थोडा वेळ येत राहते. ती लबाडी नाही, शेवटच्या ठरावीक शेअरांत वाटणी होते म्हणून तसे. रेव्हनचा ब्लॉक १०० कन्फर्मेशननंतर (त्यावर आणखी ब्लॉक जोडले गेल्यावर) पक्का होतो, तोवर शिल्लक ‘इमॅच्युअर’ दिसते. रोज कोणीतरी याच कारणाने घाबरून विचारतो.

किमान पेआउटची मर्यादा ५०० रेव्हन ठेवा, साधारण दहा-अकरा दिवसांनी एक पेआउट. मर्यादा अगदी कमी ठेवली की वॉलेटमध्ये शेकडो बारीक तुकडे जमतात, आणि पुढे एकदम पाठवताना प्रत्येक तुकडा व्यवहाराचा आकार सुमारे १४८ बाइटने वाढवतो, शुल्कही त्या प्रमाणात. उलट मर्यादा फार मोठी ठेवली तर पैसा पूलच्या हाती राहतो. डिसेंबर २०१७ मध्ये नाइसहॅश या मायनिंग सेवेमधून सुमारे ४,७०० बिटकॉइन चोरीला गेले ते असेच तिथे ठेवलेले होते.

थेट एक्स्चेंजचा पत्ता पूलमध्ये टाकू नका. एक्स्चेंजची किमान जमा रक्कम असते, त्याखाली आलेले खात्यावर चढत नाही. पत्ता बदलतो. काही ठिकाणी नाणे यादीत दिसते, खरेदीविक्री चालते, पण बाहेरून जमा करणेच बंद असते. म्हणून स्वतःचे वॉलेट, आणि विकायच्या वेळी एफआययूकडे (सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंद असलेल्या एक्स्चेंजवर आधी ५० रेव्हन पाठवून बघा. जमा झाले की मग बाकीचे. रेव्हनचा पत्ता आर अक्षराने सुरू होतो, तिथे घोळ कमी. उद्या इथेरियम क्लासिक या वेगळ्या नाण्याकडे वळलात तर जास्त जपा: त्याचा पत्ता इथेरियमसारखाच दिसतो आणि चुकीच्या खात्यावर गेलेले परत मिळवणे एक्स्चेंजच्या मर्जीवर असते.

करसल्ला

कर: व्हर्च्युअल डिजिटल मालमत्तेच्या विक्रीवरच्या नफ्याला ३० टक्के अधिक ४ टक्के सेस, १ एप्रिल २०२२ पासून, आयकर कायदा १९६१ चे कलम ११५ बीबीएच. वजावट फक्त संपादन खर्चाची. मार्च २०२२ मध्ये सरकारने संसदेत स्पष्ट केले की मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च हा संपादन खर्च नव्हे. म्हणजे कार्डे वजा होत नाहीत, आणि वीजबिल वजा धरण्याच्या भरवशावर राहू नका. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

सीएंमध्ये दोन मते आहेत. एक: नाणे मिळाले त्या दिवशीच्या भावाने उत्पन्न धरा, स्लॅबप्रमाणे कर भरा, आणि विकताना तोच भाव खर्च म्हणून वजा करा. दुसरे: खर्च शून्य धरून पूर्ण विक्रीवर ३१.२ टक्के. दुसऱ्या पद्धतीने मीटररीडर यांचा ५ रुपये १५ पैशांचा आकडा साडेसात रुपयांपर्यंत चढतो. कुठली पद्धत घ्यायची ते स्वतःच्या सीएशी ठरवा, पण वर्षभर एकच ठेवा.

१ टक्का टीडीएस वेगळा, त्याच कायद्याचे कलम १९४ एस, जुलै २०२२ पासून. रेव्हन देऊन यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले नाणे) घेतले तोही व्यवहार, मग यूएसडीटी विकून रुपये घेतले तो दुसरा. एक्स्चेंजवर रेव्हन-रुपये अशी थेट जोडी मिळत असेल तर तीच वापरा. प्रत्येक पेआउटची ओळ वहीत: तारीख, व्यवहाराचा हॅश, नाणी, त्या दिवशीचा रुपयांतला भाव. पूलच्या पानावरचा जुना इतिहास कायम राहीलच असे नाही, महिन्याला एकदा उतरवून ठेवा.

विनिपेगकर

गणित सगळीकडे सारखे नसते एवढेच नोंदवतो. इथे कॅनडातल्या मॅनिटोबात जलविद्युत स्वस्त, आणि ज्या घरात विजेचे बेसबोर्ड हीटर आहेत तिथे हिवाळ्यात रिगचे ६२० वॅट हीटरच्या तेवढ्याच वॅटची जागा घेतात. त्या महिन्यांत वीज जवळपास शून्य खर्चात पडते. गॅसची भट्टी असेल तर हे लागू नाही, गॅस स्वस्त आहे. नाशिकच्या उन्हाळ्यात तर नेमके उलटे.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन कार्डे विकतो. उरलेली दोन सोलर बसल्यावर फक्त शिलकीच्या युनिटांवर चालवून बघेन. शेवटचे विचारतो: मायनर सॉफ्टवेअर उतरवताना विंडोज डिफेंडर ओरडतो, तो बंद करायचा का?

रायझर

पूर्ण बंद करू नका. फक्त त्या एका फोल्डरला सूट द्या, आणि फाइल निर्मात्याच्या अधिकृत गिटहबवरूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींतली पाने बहुतेक नकली असतात. उतरवल्यावर शा-२५६ चा आकडा (फाइल अस्सल असल्याची खूण) निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी जुळवा. रिगच्या मशीनवर वॉलेट ठेवू नका. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, म्हणून पूलमध्ये पत्ता टाकल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरे कागदावरच्या पत्त्याशी ताडून बघा. वॉलेट परत मिळवून देणारे बारा शब्दही कागदावरच, फोटो काढून नको.

आणि कार्डे विकताना मेमरी-कोअरच्या सेटिंग मूळ पदावर आणा, पंखे-हीटसिंक ब्लोअरने साफ करा, आणि घेणाऱ्यासमोर अर्धा तास लोड टेस्ट चालवून दाखवा. मायनिंगला वापरलेली आहेत हे आधीच सांगितले तर भाव थोडा पडतो, पण नंतर भांडण होत नाही.