जुन्या गाडीचे जाम झालेले स्क्रू-बोल्ट रंग न दुखावता कसे काढलेत?

वडिलांची गाडी सहा महिन्यांपासून खोलून ठेवली आहे. इंजिनाची धास्ती होती, पण ते बिनबोभाट उतरलं. अडलं ते दाराच्या क्रोमपट्टीपाशी. चार स्क्रू. तीन निघाले, चौथ्याला स्क्रूड्रायव्हर निसटला आणि दारावर बोटभर ओरखडा उमटला, थेट प्रायमरपर्यंत. ओरखडा भरता येईल, पण तो रंग कारखान्यातून आलेला होता, आजवर कुणी हात न लावलेला. फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. तुम्ही नेमकं काय केलंत, किती थांबलात, चुकलं असेल तर कुठे, हे सविस्तर लिहा.

माझ्यापुरतं सांगतो: नुसत्या मास्किंग टेपवर विसंबू नका. निसटलेलं टोक टेपचे तीन थर आरामात फाडतं. मी आता टेपवर जाड प्लास्टिकचा तुकडा चिकटवतो, मधल्या भोकातून स्क्रूचं डोकं तेवढं बाहेर. गाडी एकदा दुसऱ्या रंगात रंगवलेली असेल तर टेप काढतानाही जपा, सैल झालेला रंग टेपबरोबर सोलून येतो.

*

तो चौथा स्क्रू फुलीचा होता का? गाडी जपानी असेल तर आधी हे बघा. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू बहुधा जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखेच (आपल्याकडचा नेहमीचा फुलीचा स्क्रू), पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही. जोर दिला की ते वर चढतं, खाच खातं आणि निसटतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. माझे दोन स्क्रू हे कळायच्या आधीच खराब झाले. नंतर जेआयएसचा ड्रायव्हर आणला आणि उरलेले सगळे निघाले. खाच थोडी झिजलेली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, तिच्यातल्या खरखरीत कणांनी पकड येते.

*

माझा अनुभव बंपरचा. क्रोमचं गोल डोकं, खाली चौकोनी मान आणि मागून नट, असे ते बोल्ट. ती मान पत्र्याच्या चौकोनी भोकात अडकून बोल्ट धरून ठेवते. माझ्या गाडीत गंजाने भोकंच मोठी झाली होती, त्यामुळे नट फिरवला की बोल्टही फिरायचा. पुढून पकड लावली असती तर क्रोम गेलंच असतं.

मग ठरवलं की मागचा नट गेला तरी चालेल. वायर ब्रशने बाहेरचे आटे साफ केले, रात्रभर तेल मुरू दिलं आणि नट स्प्लिटरने (नट चिरणारं हत्यार) नट फोडला. दोन नटांपाशी तो शिरेना, तिथे ग्राइंडर चालवला. तिथेच चूक झाली. ठिणग्या फेंडरवर आणि हेडलाइटच्या काचेवर उडाल्या. तेव्हा काहीच दिसलं नाही. चार दिवसांनी रंगावर तपकिरी ठिपके आले, बोट फिरवलं की खरखरीत लागायचे. लोखंडाचे तापलेले कण रंगात रुतून गंजले होते. क्ले बारने (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) बरेचसे निघाले, काचेवरचे खड्डे मात्र कायमचे. ग्राइंडर लावायचाच असेल तर आसपासचा रंग नि काच जाड ओल्या सुती कापडाने झाका.

*

क्रोमपट्ट्या, दिव्यांच्या चौकटी, हँडल यांत पुष्कळदा जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या ओतीव भागात पोलादी स्क्रू असतो. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, की गंज पकडतो. डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली तर तिथे ताकद लावू नका, ओतीव कान तुटतो.

मी उष्णता वापरली, पण ज्योत नाही. रंगीत पत्र्याजवळ ज्योत नेली की रंगाला फोड येतात, आणि तेल मारलेलं असेल तर ते पेट घेतं. मी १०० वॉटचा सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर तीन-चार मिनिटं टेकवला. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे आटे किंचित सुटतात. मग निवू दिलं, एक थेंब तेल सोडलं, पुन्हा तापवलं. असं तीनदा. त्यानंतर आधी घट्ट करायच्या दिशेने जरासं फिरवलं आणि मग उलटं. बारीक ‘टक्’ असा आवाज आला, तो ऐकून अंगावर काटा आला. पुढे पाव फेरा सोडायचा, थोडा मागे घ्यायचा. एका स्क्रूला पाऊण तास लागला.

*

थोडक्यात: अॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) यांचं मिश्रण आट्यांत छान शिरतं, पण अॅसिटोन रंग मऊ करतं. माझ्याकडून एक ओघळ खाली आला आणि पुसेपर्यंत तिथली चमक गेली. रंगाशेजारी साधं पेनेट्रेटिंग (जाम आट्यांत झिरपणारं) तेलच बरं, तेही फवारू नका, काडीच्या टोकाने थेंब सोडा.

बोल्टला बारा कोनी सॉकेट लावू नका, सहा कोनीच लावा. कडा गोल होणं बरंच कमी होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

*

धागा काढणाराच लिहितोय. गाडी जपानी आहे, आणि स्क्रूवर टिंब होतं, भिंगाने पाहिल्यावर दिसलं. जेआयएसचा ड्रायव्हर आणला, सोल्डरिंग आयर्न दोनदा टेकवला, रात्रभर थांबलो. सकाळी निघाला. आट्यांत पांढरी भुकटी गच्च बसली होती. चारही भोकं ब्रशने साफ केली आहेत, नवे स्टेनलेसचे स्क्रू अँटी-सीझ (आटे पुन्हा जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून बसवणार आहे. ओरखडा अजून तसाच आहे, त्याला इतक्यात हात लावणार नाही.