नाशकात कंट्री म्युझिक ऐकणारं अजून कोणी आहे का?

निफाडकर_द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. मी मूळचा निफाड तालुक्यातला, चार वर्षं झाली अंबड एमआयडीसीत जॉबला आहे, पाथर्डी फाट्याला तिघं मिळून रूम केलीये. विषय असा की मला अमेरिकन कंट्री म्युझिक, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातून आलेलं गाणं, मनापासून आवडतं आणि एवढ्या मोठ्या नाशकात ज्याच्याशी त्यावर पाच मिनिटं बोलता येईल असा एक माणूस मला अजून भेटलेला नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. बारावीनंतरचं वर्ष, आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट तेव्हा रात्रीचीच असायची, तर मोटार चालू करायला विहिरीवर मीच जायचो. थंडीचे दिवस, बागेत मणी पडायला लागलेले, लाईट यायची वाट बघत मोटारीच्या स्टार्टर पेटीजवळच्या ओट्यावर बसलेलो आणि मोबाईलवर एकामागोमाग गाणी आपोआप लागत होती. त्यात हँक विल्यम्सचं 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय' लागलं. शब्द निम्मे कळले नाहीत, पण मागे जे वाजत होतं ना, सूर एका जागेवरून उडी मारत नव्हता, ओल्या सरीत पाणी सरकतं तसा सरकत जात होता. लाईट आलेली मला कळलीच नाही, वडील घरून ओरडले तेव्हा उठलो. नंतर वाचलं की ते वाद्य स्टील गिटार, गाणं १९४९ चं, आणि हा माणूस १ जानेवारी १९५३ ला कारच्या मागच्या सीटवर गेला, वय फक्त २९.

रूमवर लावलं की पोरं म्हणतात बंद कर भो ते रडगाणं. ऑफिसात एक जण म्हणाला गावाकडचाच आहेस तर आपली लोकगीतं ऐक ना, तिकडच्या खेड्याचं तुला काय. मला ते लागलं, कारण गावात होतो तेव्हापेक्षा इथे शहरात आल्यावर हे संगीत मला जास्त जवळचं झालंय. बॉबी बेअरचं 'डेट्रॉइट सिटी' आहे, १९६३ चं. दक्षिणेतल्या शेतातून डेट्रॉइटच्या कार कारखान्यात आलेला माणूस, घरी पत्रातून सगळं उत्तम चाललंय म्हणून कळवतो आणि मनातून त्याला फक्त घरी जायचं असतं. मी गाड्यांचे पार्ट बनवतो. आई रोज रात्री फोनवर विचारते जेवला का, बरं चाललंय ना, आणि मी हो म्हणतो. ते गाणं मला कोणी समजावून सांगायची गरज नाही पडली.

तर दोन प्रश्न. नाशकात असं ऐकणारं कोणी आहे का, आणि स्टील गिटार इथे शिकता येईल का? ऑनलाईन किमती बघितल्या तर माझ्या दोन पगाराच्या वर जातायत.

कॉलेजरोड_बेसिस्ट

तुझं वाचून छान वाटलं पण मनातलं विचारतो. मी रॉक वाजवतो, नाशकातल्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाला बरीच वर्षं जायचो. कंट्री म्हटलं की मला ती काऊबॉय हॅट, पिकअप ट्रक, बिअर आणि झेंडा एवढंच दिसतं, आणि ते गोऱ्या लोकांचं आपलंआपलं संगीत आहे असंच वाटत आलंय. त्यात आपल्यासारख्यांना जागा आहे का खरंच? वाद घालायचा नाहीये, कळून घ्यायचंय.

देवळाली_कॅम्प_जुना

निफाडकर, मी ६७ वर्षांचा आहे, आणि हो, मी ऐकतो. आमच्या शेजारी एक रिटायर्ड फौजी होते त्यांच्याकडे जिम रीव्ह्ज या अमेरिकन कंट्री गायकाच्या रेकॉर्डी होत्या, तिथून मला लागण झाली ती आजपर्यंत. जिम रीव्ह्ज त्या काळी कॅम्प भागात पुष्कळ घरांत वाजायचा.

आता तुझ्या गिटारचं. पेडल स्टील, म्हणजे पायाने पेडल दाबायची ती महागडी स्टील गिटार, विकत घ्यायच्या नादाला आत्ता लागू नकोस, तुला त्याची गरजच नाही. हँकच्या मागे बहुतेक वेळा डॉन हेल्म्स वाजवायचा, तुझ्या त्या गाण्यात जेरी बर्ड, आणि दोघांच्याही स्टीलला पेडल नव्हतंच. पेडल दाबून सूर वाकवायची ती पद्धत लोकांच्या कानावर आली १९५४ ला, वेब पिअर्सच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सने वाजवल्यावर. म्हणजे जे ऐकून तू ओट्यावरून उठला नाहीस ते सगळं साध्या स्टीलवरचं आहे. आणि ते वाद्य आपल्याला परकं अजिबात नाही! आपण ज्याला हवाईयन गिटार म्हणतो तेच ते. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारांवर लोखंड सरकवून वाजवायची रीत पुढे आणली, ती अमेरिकेत जाऊन कंट्रीत शिरली, आणि इकडे आपल्याकडेही आली. व्हॅन शिप्लेंनी हिंदी सिनेमातली गाणी त्यावर वाजवली, ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवला, विश्वमोहन भटांना १९९४ ला अमेरिकन गिटारवादक राय कूडरसोबतच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

तर कर असं. जुनी साधी अकॉस्टिक गिटार बघ, सेकंडहँड चालेल, स्टीलच्या तारांची हवी. वरच्या नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर, बसणारी उंच पट्टी मिळते, ती बसव म्हणजे तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, वर उचलल्या जातात. मग जाड तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशी लाव. यात एकही तार चढवावी लागत नाही, चार उतरवायच्या आणि दोन आहे तशा, त्यामुळे तार तुटायची भीती नाही. मांडीवर आडवी ठेव. बार, म्हणजे तारांवर सरकवायचा तो लोखंडी तुकडा, दोन फ्रेटच्या मधे नाही, बरोबर फ्रेटच्या पट्टीच्या डोक्यावर धरायचा, केसभर मागेपुढे झाला तर बेसूर होतो. दाबायचा नाही. आणि बारच्या मागे उरलेली बोटं तारांवर टेकवून ठेवायची नाहीतर खरखर येते. हवाईयन गिटार वाजवणारी जुनी माणसं नाशिकरोड, देवळालीकडे अजून आहेत, ऑर्केस्ट्रात वाजवायची. मी विचारतो.

गंगापूररोड_मावशी

बेसिस्ट, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय कारण मलाही आधी तेच वाटायचं. कंट्रीत वाजतं ते बॅंजो हे तारवाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांचं. हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवली ती रुफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या माणसाने. कार्टर फॅमिली या कंट्रीतल्या जुन्या नावाजलेल्या मंडळींचे ए. पी. कार्टर गावोगाव फिरून गाणी गोळा करायचे तेव्हा चाली लक्षात ठेवायला सोबत लेस्ली रिडल असायचा, तोही काळा. 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या लाडक्या कलाकारांत हार्मोनिका वाजवणारा डीफर्ड बेली होता, तोही काळाच. आणि चार्ली प्राइड या काळ्या गायकाची पहिली रेकॉर्ड काढताना कंपनीने त्याचा फोटोच दिला नाही, लोकांनी आधी आवाज ऐकावा म्हणून! नंतर तो केवढा मोठा स्टार झाला. त्यामुळे ते गोऱ्यांचं आपलंआपलं संगीत असं दाखवलं गेलं हे खरं, पण ते तसं बनलेलं नाही.

आणि निफाडकर, बायकांची गाणी ऐक रे. किटी वेल्स १९५२ ला कंट्री चार्टवर एक नंबरला गेली, एकटी गाणारी बाई त्याआधी तिथे पोचलीच नव्हती, आणि गाणं काय तर बाई बिघडते त्याला पुरुषही जबाबदार असतात. लोरेटा लिन कोळसाखाणीत काम करणाऱ्याची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, आणि १९७५ ला तिने गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, कितीतरी रेडिओ स्टेशनांनी ते लावलंच नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझी आजी आठवली. सिन्नरकडची. पहाटे जात्यावर बसली की दिवसा ज्याबद्दल तोंड उघडता यायचं नाही ते सगळं ओवीत यायचं, सासरचं, नवऱ्याचं, लेकीच्या काळजीचं. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी अशा लाखभर ओव्या गोळा केल्यात. तर तुझ्या ऑफिसातल्या त्या माणसाला सांग की मी दोन्ही ऐकतो, एक ऐकल्यामुळे दुसरं जास्त कळतं.

कॉलेजरोड_बेसिस्ट

मावशी, लेस्ली रिडल आणि चार्ली प्राइड मला माहीतच नव्हते, आज दिवसभर हेच ऐकणार. निफाडकर, माझ्याकडे जुनी अकॉस्टिक पडून आहे, मान थोडी वाकलीये म्हणून मी वाजवत नाही, पण तारा उचलायच्याच असतील तर तुला काही फरक पडणार नाही. घेऊन जा, पैसे नकोत.

निफाडकर_द्राक्षबाग

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचा मेसेज मी पाच वेळा वाचला. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण करून बघून मग सांगायचं होतं. गिटार आपल्या बेसिस्ट भाऊकडून आणली. बार ऑनलाईन मागवणार होतो पण आमच्या शॉपमधल्या टर्नर दादांना चित्र काढून दाखवलं तर त्यांनी स्क्रॅपमधला स्टेनलेस स्टीलचा तुकडा लेथवर घेतला, १९ एमएम व्यास, ८० लांबी, एक टोक गोल करून दिलं आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः पॉलिश पेपर मारत बसले. तोंड दिसेल इतका चकचकीत केलाय. पैसे घेतले नाहीत, वाजवून दाखव म्हणाले.

काका तुम्ही म्हणालात तसं फ्रेटच्या डोक्यावर धरतो, पाचव्या फ्रेटवरून सातव्यावर जाताना मधेच एखाद्या वेळी तो आवाज येतो, तोच, विहिरीवरचा. बाकी वेळ बेसूर. खरखर पण जात नाहीये, बहुतेक मागची बोटं नीट टेकत नाहीत. मावशी, किटी वेल्स ऐकली आणि आईला फोनवर विचारलं तुला ओव्या येतात का, तर तिने सहा म्हटल्या, मी रेकॉर्ड केल्यात, तुम्हाला पाठवतो.

येत्या रविवारी सकाळी मखमलाबादकडे मिसळ खाऊन तसंच गंगापूर धरणावर जाऊया का सगळे? गिटार मी आणतो. काका, तुम्हाला देवळालीहून गाडीवर घ्यायला येतो, मागच्या बोटांचं तेवढं समोर बसून दाखवा.