थॉमसन द्राक्षाच्या निम्म्या काड्यांवर घड नाहीत. काडीतच नव्हते की छाटणीनंतर जिरले?

राम राम मंडळी. निफाड तालुक्यात दोन एकर थॉमसन आहे, डॉगरिज खुंटावर, २०१७ ची लागवड, ९ बाय ५ फुटांवर, वाय सांगाडा. गोडी छाटणी (फळासाठीची) १२ ऑक्टोबरला केली, आज १८ वा दिवस. डोळे एकसारखे फुटले, पेस्टिंगमध्ये (डोळे फुटायला औषध लावण्यात) कुठे चुकलं असं वाटत नाही. पण पाचव्या पानासमोर घड दिसायला हवा तिथे बाळी (वेलीचा तणावा) लोंबतेय. वेलीला ३० घड धरतो. काल मधल्या ओळीत मोजायला बसलो, तर कुठे आठ, कुठे अकरा, एका वेलीवर फक्त तीन. बायको सोबत मोजत होती, तिने वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, पुढचं तुम्हीच मोजा.

खरड छाटणी (नव्या काडीसाठीची) यंदा उशिरा झाली, २० एप्रिलला. माल उशिरा गेला म्हणून. सात पानांवर शेंडा मारून सबकेन (बगलफुटीची काडी) केलं, पुढे पाच पानं ठेवली. मग मेमध्येच पाऊस लागला (मुंबईत २६ मे २०२५ ला मान्सून आला ते आठवत असेलच). जूनमध्ये तर बागेत चिखलात पाय रुतत होता आणि शेंडे थांबायचं नाव घेत नव्हते. पेरं चांगलं चार-चार बोटांचं पडलं. तेव्हा मला ते बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो.

एक गोष्ट डोक्यात बसत नाही. बांधाकडेच्या दोन ओळींत माल बरा आहे, वेलीला २२-२५ घड. पाणी, खत, औषध सगळं तेच.

छाटणीआधी काडी तपासून घेतली नाही, ही चूक झाली. आता विचारायचंय ते असं: घड काडीतच नव्हते की नंतर जिरले, हे आता कळेल का? आणि फेलफूट (बिनघडाची फूट) सगळी काढू का? उद्या मजूर बायका सांगितल्यात.

उत्तर १ (तासगावहून)
भाऊ, कळतं. बाळीचं टोक नीट बघा. टोकाला मोहरीएवढे दोन-चार मणी असतील तर घड होता, छाटणीनंतर जिरला. नुसती गुळगुळीत दुफाटी बाळी असेल तर काडीतच नव्हता.

तुमच्या तारखा बघून मला काडीतच नव्हता असं वाटतंय. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात सूक्ष्मघड तयार होतो. तुमचे ते दिवस ३० मे ते १९ जून. डोळ्यातल्या त्याच कोंबाचा घड व्हायचा की बाळी, हे तेव्हा ठरतं. ऊन आणि सायटोकायनिन हे संप्रेरक असेल तर घड, ढगाळ हवा, ओली मुळं आणि जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वाढलं की बाळी. लांब पेरं ही त्याचीच खूण. कडेच्या ओळींना बाजूने उजेड मिळाला, म्हणून तिथे माल दिसतोय.

उत्तर २
वरच्यांशी सहमत. फक्त फेलफूट सरसकट काढू नका. माल कमी आहे तिथे वेलीचा जोर उरलेल्या घडांवर येईल आणि पुढे मणी तडकतील. काही फेलफुटी राहू द्या, पण दाटी नको, नाहीतर डाउनी (केवडा रोग) आत शिरेल. पाणी आत्ता हात राखून. आणि कुणी जिरण्यावरचं औषध गळ्यात मारत असेल तर आधी बाळ्या बघा. जे काडीत नव्हतं ते फवारून येत नाही.

पुन्हा मूळ धागाकर्ता
आत्ताच बागेतून आलो. मधल्या ओळीत २० बाळ्या तोडून बघितल्या. १५ गुळगुळीत, ५ वर मणी. म्हणजे बरंचसं जूनमध्येच गेलं. बायकांना उद्या नको म्हणून कळवलं, विरळणी स्वतः उभा राहून करून घेतो. औषधाची एक बाटली आधीच आणून ठेवलीय, ती आता दुकानदार परत घेतो का बघू.

तासगावकर दादा, एक राहिलं. येत्या वर्षी खरड छाटणी मार्चअखेर धरली तर ते ४० ते ६० दिवस मेच्या उन्हात बसतात. पण कमी मालाची ही बाग फेब्रुवारीतच मोकळी झाली, तर तोवर विश्रांतीत पाणी किती द्यायचं? आणि तुमच्याकडे वेलीला काड्या किती ठेवता? मी ३८ ठेवल्या होत्या, आता वाटतंय दाटी तिथूनच सुरू झाली.