शिवसुमनची पानं गळतायत, मदत हवी आहे (तातडीने!)

मेघा_ठाणे: शिवसुमनची पानं पिवळी पडून भराभर गळतायत. रोज पाणी घालतेय, गांडूळखतही दिलं, तरी तेच. इतकं दुर्मीळ झाड, जायला नको. काय करू?

कातळवेडा: शिवसुमन म्हणजे फ्रेरिया इंडिकाच (शास्त्रीय नाव) ना? आणलीत कुठून? शिवनेरी-पुरंदरच्या कड्यांवर आधीच मोजकी उरलीय, तिथून कुणी उपटून आणली की जीव जळतो.

मेघा_ठाणे: नर्सरीतल्या कटिंगचं आहे, गडावरचं नाही. उपाय सांगा ना.

नेरूळची_बाग: कुंडी कसली, माती कसली, ऊन किती? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

मेघा_ठाणे: प्लास्टिकची कुंडी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत. घोडबंदरला दहावा मजला, ग्रिलमध्ये, दुपारनंतर ऊन.

आप्पा_जुन्नर: कोकोपीट आधी काढा, ते पाणी धरून ठेवतं! हे झाड कातळाच्या कपारीत मूठभर मातीवर जगतं. पाऊस धो धो पडला तरी मुळाशी पाणी थांबत नाही.

नेरूळची_बाग: कोकोपीटला उगाच नावं ठेवू नका. माझी अडेनियमं (वाळवंटी गुलाब) त्यातच फुलतात.

आप्पा_जुन्नर: अडेनियमचं इथे काय?



कातळवेडा: मेघाताई, डिसेंबर चालू आहे. हिच्या जातभाईंना नीटशी पानंच नसतात, हिला असतात, पण कोरड्या दिवसांत ती गळतात. नुसती मांसल खोडं उरतात, पावसात परत पालवी फुटते. पानगळीचं टेन्शन नको, पाणी मात्र आजच बंद करा. खोड दाबून बघितलंत का?

मेघा_ठाणे: वर टणक आहेत सगळी. एक मात्र मातीलगत मऊ आणि तपकिरी झालंय.

कातळवेडा: ती कूज. स्वच्छ ब्लेडने कुजलेल्या भागाच्या वर कापा. कापात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर, आतून पूर्ण हिरवं दिसेपर्यंत. वरचा चांगला तुकडा आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग कोरड्या खडीत नुसतं टेकवा. थंडी सरली की बेताने पाणी.

डोंबिवलीकर: शिवनेरीवर फुलं कधी दिसतील?

आप्पा_जुन्नर: ऑगस्ट-सप्टेंबरात. गर्द लाल, त्यावर पिवळे ठिपके, पाकळ्यांच्या कडेला बारीक केस. दुर्बीण आणा, कड्यावर चढू नका. 1865 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने याची नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर फ्रिअर याचं नाव दिलं, म्हणून फ्रेरिया. आम्हाला शिवसुमनच गोड.

मेघा_ठाणे: कापलं. दुसऱ्या कापाला आतून हिरवं लागलं! खडी केवढी घेऊ?

आप्पा_जुन्नर: तुरीच्या दाण्याएवढी, त्यात थोडा विटांचा चुरा. आधी धुऊन घ्या, भुकटी राहिली की तळाशी घट्ट बसते. आणि कुंडी मातीची घ्या.