मांत्रिकाला लगाम कसा घालायचा?

काजवा (प्रश्न):
कादंबरीतला मांत्रिक फारच बलवान झालाय. बोट उचललं की सैन्य गारद. ‘मंत्र म्हटला की थकवा येतो’ असा नियम घातला, पण मग झोपून उठला की गडी पुन्हा तयार. लोककथांतले मांत्रिक नेमके हरतात कसे?

घुबड:
थकव्याचा नियम कुचकामी, कारण त्याचा फायदा शत्रूला उठवता येत नाही. लोककथेतली अट समोरच्याच्या हाती लागते. कथासरित्सागरातला वेताळ बघा. राजा बोलला की प्रेत परत झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. नियम दोनच, पण एकमेकांना छेदणारे, म्हणून गोष्टीमागून गोष्ट निघते. सुटका होते ती उत्तरच न येणाऱ्या प्रश्नाने. आणि राजाला ते प्रेत आणायला पाठवणारा कपटी भिक्षू मरतो कसा? विधीत राजाने साष्टांग नमस्कार घालायचा असतो. राजा म्हणतो, ‘मला येत नाही, आधी तू दाखव.’ भिक्षू आडवा झाला की मान उडते. तुमच्या मांत्रिकाचा विधी पायरी-पायरीने लिहून काढा. कुठल्या पायरीला तो डोळे मिटतो, वाकतो, पाठ फिरवतो, तिथे घाव घाला.

निळावंती:
सामग्रीवरही बंधन हवं. जादू-धर्माचा अभ्यासक जेम्स फ्रेझरने जादूची दोन तत्त्वं मांडली: सारख्याचा परिणाम सारख्यावर (मेणाची बाहुली), आणि एकदा चिकटलेलं कायम जोडलेलं (केस, नखं). दुसरं जास्त कामाचं, कारण वस्तू आधी मिळवावी लागते. इजिप्तच्या कथेत इसिस देवी म्हाताऱ्या रा देवाची गळलेली लाळ मातीत कालवून साप घडवते. तो साप रा-ने निर्माण केलेला नाही, म्हणून त्याच्याकडे उतारा नाही. विष उतरवायचं तर रा-ला स्वतःचं गुप्त नाव इसिसला सांगणं भाग.

रातकिडा:
सुरू करायचा मंत्र आणि थांबवायचा मंत्र वेगळे ठेवा. दुसऱ्या शतकातला ग्रीक भाषेतला लेखक ल्युसियन, त्याच्या गोष्टीत शिष्य तीन अक्षरांचा मंत्र चोरून ऐकतो, मुसळाला पाणी भरायला लावतो. थांबवायचं कसं हे ऐकलेलंच नाही! कुऱ्हाडीने दोन तुकडे केले तर दोन पाणके झाले.

काजवा:
जीव पोपटात ठेवण्याची युक्ती घासून गुळगुळीत झालीय का?

घुबड:
नुसता पोपट असेल तर हो. रशियन लोककथांतला दुष्ट मांत्रिक कोश्चेई, त्याचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओक झाडावर. प्रत्येक थर वेगळ्या रीतीने निसटतो: ससा पळतो, बदक उडतं, अंडं समुद्रात पडतं. म्हणून नायकाने वाटेत जीवदान दिलेले अस्वल, ससा, बदक, मासा असे चौघं लागतात. लेखक बहुतेकदा इथे चुकतात: थर सात-आठ रचतात आणि सगळे एकाच तलवारीने फोडतात. तीन थर पुरे, पण ते फोडणारे मदतनीस पेटी सापडण्याच्या बरेच आधी भेटलेले हवेत.